थिजलेलं ग्रीस आणि मोजून तेल: जुना टर्नटेबल पुन्हा चालता करताना

जुना रेकॉर्ड प्लेअर हाती आला की पहिली घाई होते ती प्लग खोचून 'चालतोय का' बघायची. तेवढी एक घाई आवरा. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र चालू केल्याने काही कळत नाही. उलट जे धड होतं त्यातलं काहीतरी जाण्याची शक्यताच जास्त.

मी मूळचा घड्याळवाला. टर्नटेबलच्या नादाला उशिरा लागलो, तोही एका बंद पडलेल्या मोटरमुळे. मालकाने 'मोटर जळलीय, दुसरी बघा' असं सांगून ती माझ्यापुढे ठेवली होती. मी सवयीने आस बोटात धरून फिरवून पाहिला. फिरेना. उघडली, पुसली, दोन थेंब तेल घातलं, तर फिरायला लागली. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर आलेल्या यंत्रांपैकी खरोखर जळलेली, मोडलेली अशी थोडीच निघाली. बाकीची नुसती थिजलेली होती. म्हणून माझी पद्धत घड्याळवाल्याची: आधी स्वच्छता, मग तेल, मग जुळवणी, आणि सुटा भाग बदलणं अगदी शेवटी.

वायर खोचण्याआधी

आधी प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, हाताने फिरवा. बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट काढून एक टिचकी द्या. जड प्लॅटर बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला तर बेअरिंगची चिंता नाही. दोन फेऱ्यांत थांबला किंवा खरखरला तर काम कुठे आहे ते कळलं. मग यंत्र उलटं करून वास घ्या. ट्रान्सफॉर्मरचं वार्निश जळल्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही. मेनची वायर वाकवून पाहा. जुन्या रबरी वेष्टणाला चिरा गेल्या असतील तर ती वायर बदलायची, त्यात चर्चा नाही. टोनआर्म (सुई धरणारा दांडा), काउंटरवेट (त्याच्या मागचं वजन) आणि हेडशेल (सुई बसते ते पुढचं टोक) सुटे करून बाजूला ठेवा. सुई सगळ्यात आधी काढा. माझ्या हातून दोन सुया गेल्या आहेत, आणि दोन्ही वेळा मी 'एवढं झालं की काढतो' असं म्हणत होतो.

खालच्या बाजूला व्होल्टेजचा सिलेक्टर आहे का बघा. तो ११० वर असेल, तुमच्या भिंतीत २२० असेल आणि तसाच प्लग लावलात तर पुढचं सगळं वाचण्याची गरज राहणार नाही.

आतच अॅम्प्लिफायर असलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) पेट्यांबद्दल जरा थांबून सांगतो. ज्यांच्या व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होतात, म्हणजे यूसीएल८२, यूएल८४ वगैरे, त्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर मध्ये नसतो आणि पत्र्याची चॅसी थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा लागला तर त्या पत्र्यात फेजच येतो. असा संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय, म्हणजे यंत्राला मेनपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय, उघडा चालवायचा नाही. शिवाय फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही अडीचशे-तीनशे व्होल्ट टिकून असू शकतात. माझी पुतणी हे विजेचं काम करते. ती दोन-एक किलोओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या टोकांवर काही सेकंद धरते, मग मीटर लावून शून्य दिसेपर्यंत बघते, आणि तोवर मला टेबलाजवळ फिरकू देत नाही. 'काका, तुमच्या घड्याळात दीड व्होल्ट असतात', हे तिचं ठरलेलं वाक्य. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे लोक तिला आवडत नाहीत. पेचकसाचं टोक जातं आणि कपॅसिटरही दुखावतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावरून, म्हणजे चाळीस किंवा साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मालिकेत जोडून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक.

ग्रीस, तेल आणि छर्रा

काम इथेच आहे. आपोआप तबकडी बदलणाऱ्या किंवा आपोआप आर्म उचलणाऱ्या यंत्राची चॅसी उलटी केली की एक मोठं दातेरी चाक, सरकपट्ट्या, तरफा आणि स्प्रिंगांचं जाळं दिसतं. कारखान्यात लावलेलं ग्रीस आता मेणासारखं घट्ट झालेलं असतं, काही ठिकाणी पिवळ्या डिंकासारखं. पट्टी सरकत नाही, म्हणून आर्म मध्येच अडकतो आणि माणूस तो हाताने ढकलतो. आर्म कधीही ढकलू नका. चक्र अर्ध्यावर अडकलं असेल तर प्लॅटर हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश फिरवत चक्र पूर्ण करा.

उकलण्यापूर्वी फोटो काढा, आणि एकाच नव्हे तर दोन बाजूंनी. स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलेली होती हे आठवणीवर सोडायचं नसतं. काढलेल्या वस्तू काढल्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवल्या की लावताना उजवीकडून सुरू करता येतं. जुनं ग्रीस आधी लाकडी काडीने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. धातूवर धातू सरकतो तिथे नव्या ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. फिरत्या आसांना तेल. दात्यांवर फारच थोडं. पांढरं लिथियम ग्रीस चालतं, प्लास्टिकच्या दात्यांना सिलिकॉन ग्रीस बरं.

ज्याच्या त्याच्या कपाटात असतो तो गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे कृपया लांब ठेवा. त्याने थिजलेलं यंत्र पाच मिनिटांत फिरतं, म्हणून लोक खूश होतात. पण त्यात मुख्यतः द्रावक असतं. ते उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं आणि उडून जातं. महिन्याभराने यंत्र पहिल्यापेक्षा जास्त अडकतं.

ड्यूअल या जर्मन कंपनीच्या १२१९, १२२९ यांसारख्या मॉडेलांत एक गंमत आहे. आर्म वर उचलला जातो, पण आत न सरकता पुन्हा जागेवरच उतरतो. लोक अख्खी यंत्रणा खोलून बसतात. दोष असतो एका इवल्याशा रबरी टोपीचा, जी एका खुंटावर बसते आणि वयोमानाने भुगा होऊन गळून पडते. जर्मन तिला श्टॉयरपिंपल म्हणतात. बारीक वायरच्या वेष्टणाचा योग्य मापाचा तुकडा कापून बसवला की काम होतं. मात्र टोपी झिजायचं मूळ कारण बहुतेकदा थिजलेल्या तरफाच असतात, म्हणून नुसती टोपी बदलून झाकण लावू नका.

आता मुख्य बेअरिंग. आस एका बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीत, बसतो आणि बऱ्याच यंत्रांत तळाशी पोलादी छर्रा असतो. आस वर खेचताना तो छर्रा जुन्या तेलाने आसाला चिकटून वर येतो, आणि नेमका टेबलाच्या कडेजवळ आल्यावर सुटतो. म्हणून खाली पांढरं फडकं पसरूनच आस काढायचा. छर्रा भिंगाखाली बघा. एका जागी चपटा किंवा खड्डा पडलेला असेल तर त्याच मापाचा नवा घाला. बुशची विहीर कापसाच्या काडीने पुसत राहा, काडी कोरी येईपर्यंत. मग तेल. किती? इथे घड्याळवाला आणि बाकीचे लोक वेगळे होतात. चार-पाच थेंब पुरतात. आस हळूहळू आपल्या वजनाने खाली जाऊ द्या, वर आलेलं जादा तेल पुसून घ्या. शिवणयंत्राचं हलकं, शुद्ध खनिज तेल बहुतेक बेअरिंगना चालतं. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर ते ऐका.

मोटरचे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात. ते स्वतःत तेल धरून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. वाळलेल्या बुशला वरून एक थेंब घालून लगेच चालवलं तर तो थेंब बाहेर फेकला जातो. थेंब घाला, आस हाताने फिरवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी अजून एक घाला. मोटर उघडलीच तर वरची आणि खालची टोपी आधी होती त्याच दिशेला बसवा. पेन्सिलीची खूण करून ठेवली तर नंतर डोकं खाजवावं लागत नाही.

रबर

तेलाचा एक कण जिथे जाता कामा नये ती जागा म्हणजे रबर. पुली, आयडलरचं (मोटर आणि प्लॅटरमधलं रबरी) चाक, बेल्ट आणि प्लॅटरची आतली कड अल्कोहोलने पुसल्यावर बोटाने शिवायचीही नाही.

गॅरार्ड ३०१ सारख्या १९५० च्या दशकातल्या यंत्रांत मोटरची पुली रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला. चाकाची कड कडक आणि चकचकीत झाली असेल तर ती घसरते. बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडाला चिकटवून, चाक त्याच्यावर फिरवत ती चमक घालवा. फक्त चमक. गोलाई बिघडली तर धडधड कायमची पदरात पडते. यंत्र वर्षानुवर्षं 'चालू' स्थितीत विसरलं गेलं असेल तर चाकाला पुलीच्या जागी खड्डा पडलेला असतो, आणि प्रत्येक फेरीला स्पीकरमधून ठक-ठक ऐकू येते. तो घासून जात नाही, चाकावर नवं रबर चढवून घ्यावं लागतं.

बेल्टचं माप हवं असेल तर दोरा घ्या. बेल्ट जिथून जातो त्याच वाटेने, पुलीभोवती आणि आतल्या प्लॅटरभोवती, दोरा ताणून लांबी मोजा आणि त्यातून सुमारे पाच टक्के कमी करा. फार घट्ट बेल्ट मोटरच्या बुशवर ओढ देतो आणि गुरगुर वाढवतो. 'घट्ट म्हणजे चांगला' हा समज इथे खोटा आहे.

वेग

साधी परीक्षा आधी. तबकडीवर कागदाचा कपटा ठेवा आणि फेऱ्या मोजा: ३३⅓ च्या वेगाला तीन मिनिटांत बरोब्बर शंभर. ४५ ला एका मिनिटात पंचेचाळीस. याहून नेमकं हवं असेल तर स्ट्रोब चकती, म्हणजे सारख्या अंतरावर रेघा असलेली चकती. मेनवर चालणारा निऑन किंवा तारेचा दिवा सेकंदाला मेनच्या दुप्पट वेळा लुकलुकतो. ५० हर्ट्झला १०० वेळा, म्हणून ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा लागतात. ६० हर्ट्झला २१६. रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. ५० हर्ट्झला ४५ साठी मात्र हिशेब पूर्णांकात बसत नाही, १३३ रेघा घ्याव्या लागतात. त्यामुळे वेग अचूक असला तरी त्या किंचित सरकताना दिसतात. एकदा मी त्या सरकणाऱ्या रेघांच्या मागे अख्खी दुपार घालवली आहे.

दुसरी एक दुपार अशीच गेली. सगळं साफ, बेल्ट नवा, तरी गाणं ओढल्यासारखं. काळी चारमधली गायिका जवळजवळ पांढरी चारमध्ये उतरलेली. फेऱ्या मोजल्या तर मिनिटाला अठ्ठावीसही नाहीत. मग डोक्यात प्रकाश पडला. सिंक्रोनस मोटरचा वेग मेनच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो, आणि यंत्रातली पुली ६० हर्ट्झची होती. ५० वर ती सहापैकी पाचच भाग वेग देते. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, ५० हर्ट्झची जाड पुलीच लागते.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरच थेट प्लॅटर फिरवते त्या यंत्रात, रबर नाही, म्हणून या भानगडीही नाहीत. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० काढला तेव्हापासून हा प्रकार रुळला. वेग डळमळत असेल तर आधी वेगाचे छोटे प्रीसेट (वेग जुळवायचे नॉब) आणि स्विच काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. बऱ्याच यंत्रांत चुंबक प्लॅटरला असतो, तेव्हा वीज चालू असताना प्लॅटर उचलू नका.

सुई आणि वजन

जुन्या स्वस्त पेट्यांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या कंपनांची वीज करणारा भाग) असतं. क्रिस्टलमधलं रोशेल सॉल्ट दमट हवेत आणि उन्हाळी गरमीत मरतं, ते जिवंत करता येत नाही. सिरॅमिक मात्र टिकतं आणि काही शे मिलिव्होल्ट देतं. मॅग्नेटिक कार्ट्रिज चार-पाच मिलिव्होल्टच देतं आणि त्याला आरआयएए वक्राचा फोनो प्रीअॅम्प (आवाज वाढवून खर्ज भरून देणारा छोटा अॅम्प) लागतो. अॅम्पच्या साध्या ऑक्स सॉकेटमध्ये लावलंत तर आवाज दूरवर माशी गुणगुणल्यासारखा येईल, खर्ज गायब. तो बिघाड नव्हे.

हेडशेलच्या चार वायरी: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. क्लिपा चिमट्याने घाला, आणि कार्ट्रिजच्या पिनेवर क्लिप असताना तिला डाग द्यायला जाऊ नका. आतली तार केसाहून बारीक असते. वायरींची मीटरने तपासणी करायची तर आधी कार्ट्रिज काढा.

काउंटरवेट फिरवत आर्म तरंगता करा. त्या स्थितीत हलकी फुंकर घातली की तो अडखळता कामा नये. अडखळला तर आर्मची बेअरिंग मळलेली किंवा आवळलेली आहेत, आणि वजनाची कुठलीही जुळवणी फुकट. मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं वजन लावा. मॅग्नेटिकला साधारण दीड-दोन ग्रॅम, सिरॅमिकला तीन ते सहा. छोटा डिजिटल काटा असेल तर आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. 'हलकी सुई तबकडी वाचवते' हा दुसरा खोटा समज. वजन कमी पडलं की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

७८ ची लाखेची तबकडी सूक्ष्म खाचेच्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ ला त्याच्या चौपट, साधारण ७५ चं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर देते. आणि लाखेच्या तबकडीला अल्कोहोल दाखवायचंही नाही. लाख त्यात विरघळते.

गुणगुण, अॅम्प आणि स्पीकर

स्पीकरमधून घुमणारा आवाज ओळखायला शिका. जाड, खोल घूं हा मेनच्याच फ्रीक्वेन्सीचा: अर्थिंगची सुटी तार, हेडशेलचे मळलेले काँटॅक्ट, तुटलेलं शील्ड बघा. त्याहून एक सप्तक वरचा, जरा कर्कश झूं हा दुप्पट फ्रीक्वेन्सीचा, तो बहुतेक वेळा अॅम्पच्या वाळलेल्या फिल्टर कपॅसिटरचा. एवढ्या फरकाने अर्धं शोधकाम वाचतं.

कपॅसिटरची बाब पुतणीची, तिचे नियम देतो: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा घ्यायचा, प्लस-मायनसचा फोटो आधी. व्हॉल्व्ह संचात मेणाच्या कागदी कपलिंग कपॅसिटरवर तिचा अजिबात विश्वास नाही. ते गळतात आणि आउटपुट व्हॉल्व्ह तापून जातो. मेनवरचा पिवळसर, पारदर्शक आवरणाचा, चिरा पडलेला कपॅसिटर दिसला तर तो न तपासताच काढा. तो फुटला की जो धूर येतो त्याचा वास पडद्यांना महिनाभर राहतो. त्याच्या जागी एक्स२ वर्गाचाच, म्हणजे थेट मेनवर लावण्यासाठी बनवलेला, बसवा, साधा नको. ट्रान्झिस्टरचा अॅम्प दुरुस्त झाल्यावर स्पीकर लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा.

स्पीकरचा कागद दोन्ही बाजूंनी समान दाबून पाहा. कॉइल घासल्याची खर्र ऐकू आली नाही तर फोमची कडा भुगा झालेली असली तरी स्पीकर वाचतो, नवी कडा चिकटवता येते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कागद बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला होतं तेच स्पीकरचं प्लस.

झाकणाची गोष्ट राहिली. माझ्या पहिल्या यंत्राचं अॅक्रिलिकचं झाकण मी त्याच अल्कोहोलने पुसलं, ज्याने सगळं बाकीचं पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. अॅक्रिलिकला फक्त साबणाचं पाणी. ओरखडे असतील तर पाण्याचा पॉलिश पेपर ८००, मग १५००, मग २०००, शेवटी प्लास्टिकचं पॉलिश. मधला टप्पा गाळलात तर ओरखडे पॉलिशखालून डोकावतात.

सगळं जुळल्यावर तासभर नुसतं फिरू द्या, मग वेग आणि वजन पुन्हा तपासा. तेल गरम होऊन बसलं की वेगात किंचित फरक पडलेला सापडतो. मागचं झाकण लावण्याआधी मी खोक्याच्या आत पेन्सिलीने तारीख, तेलाचा प्रकार, बेल्टचं माप आणि काय बदललं ते लिहितो. घड्याळवाले मागच्या झाकणाच्या आत सुईने खूण करतात, तीच सवय. मागच्याच महिन्यात एक यंत्र उघडलं तर आत कुणाची तरी अशीच ओळ होती, अक्षर पुसट, तारीख वाचता येईना, पण 'तेल ३ थेंब' एवढं स्पष्ट. त्याच्या खाली मी माझी ओळ लिहिली.